दांडी मागेच होती

गाडी पुन्हा ‘ओरिजिनल’ करायची असं मुलीनं जाहीर केलं, तेव्हा मला ना आनंद झाला ना दुःख. कंटाळा आला. हल्ली कुणी काही नवीन सुचवलं की मला आधी कंटाळाच येतो, मग ते गुडघ्याचं ऑपरेशन असो की गच्चीवर पत्रा टाकणं असो. त्यातून तो शनिवार होता. शनिवारी आमच्या दारावरून मुळशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. त्यातलं कुणीतरी नेमकं आमच्या फाटकात मोटार लावून पाण्याचे फोटो काढायला जातं, आणि मी ओट्यावर बसून त्यांच्या नावानं ओरडते. निवृत्त झाल्यापासून तेवढाच माझा व्यायाम.

मुलगी हिंजवडीला नोकरी करते आणि एक शनिवार आड माझ्याकडे येते. येते ती माझ्यासाठी की पडवीतल्या गाडीसाठी, हे मी विचारत नाही. गाडी म्हणजे तिच्या वडिलांची मोटारसायकल. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. गाडी त्यांच्याहूनही म्हातारी. खडकीला लष्करी सामानाच्या लिलावातून त्यांच्या काकांनी उचललेली, विलायती. काकांना झेपली नाही म्हणून ती ह्यांच्याकडे आली, आणि तिच्या मागोमाग लग्न करून मी.

“जुन्या गाड्यांचा मेळावा आहे,” मुलगी म्हणाली. “सगळे कंट्रोल मूळचे पाहिजेत असा नियम आहे. आपलं बाकी सगळं आहे गं, फक्त इग्निशनचं बदललंय. ती दांडी घरात आहे ना?”

होती. देवघराच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. पण मी म्हटलं, “असेल कुठेतरी.”

ही दांडी म्हणजे काय ते सांगायला हवं. आताच्या गाड्यांत इंजिनमध्ये ठिणगी कधी पडायची ते गाडीचं गाडी बघते. ह्या गाडीत ते चालवणाऱ्यानं बघायचं. त्यासाठी हँडलवर, डाव्या मुठीच्या अलीकडे, बोटभर लांबीची एक दांडी. तिला लिव्हर म्हणत असतील, आमच्याकडे ती दांडीच. मागे घेतली की ठिणगी उशिरा पडते, पुढे सारली की लवकर. किक मारताना दांडी मागेच हवी. पुढे राहिली तर ठिणगी अवेळी पडते आणि किक उलटून पायावर येते. त्यापेक्षा म्हशीची लाथ परवडली. गाडी चालू झाली की अंगठ्यानं दांडी केसभर-केसभर पुढे सारायची, आवाज गोल होईपर्यंत. चढाला इंजिन टकटक करू लागलं की पुन्हा जरा मागे.

म्हणून आमच्या घरात एक नियम होता. जो गाडी बंद करेल त्यानं दांडी मागे करायची आणि मगच खाली उतरायचं. कुणाला किती घाई असो, दारात कोण का येऊन उभं असेना.

मी नर्स होते. धरणाच्या कडेनं पसरलेल्या वाड्या माझ्याकडे होत्या आणि एसटी त्यातल्या निम्म्याच वाड्यांच्या जवळपास जायची. हे शाळेत शिक्षक. सुरुवातीला शाळा सुटल्यावर हेच मला मागे बसवून फिरवायचे. पण बाळंतीण काही शाळा सुटायची वाट बघत नाही. तेव्हा एका उन्हाळ्याच्या सुटीत ह्यांनी मला गाडी शिकवली. गावानं तोंडात बोटं घातली. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस मला फार सुखाचे गेले.

खरं सांगायचं तर गाडी मला ह्यांच्यापेक्षा चांगली जमली. गाडीचा तोल म्हणाल तर तो ह्यांचाच चांगला होता, पण दांडी माझी. त्याचं कारण सोपं होतं. मी दिवसभर लोकांच्या सुनांच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायची. ठोका मंद पडला, धावला, अडखळला, की कानाला आधी कळायचं आणि डोक्याला नंतर. इंजिनचंही तसंच. ताम्हिणीच्या चढाला हे दांडी फार पुढे ठेवायचे. मी मागून त्यांच्या खांद्यावर बोट आपटायची, “मागे घ्या, मागे घ्या, टकटकतंय.” ते म्हणायचे, “गुरुजी कोण आहे इथे?” आणि निमूट मागे घ्यायचे.

मग तो प्रकार झाला. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. आदल्या दिवशी गाडी मी नेली होती. संध्याकाळी आणून पडवीत लावली, दांडी मागे केली, पदर खोचला आणि चुलीपाशी गेले. दुसऱ्या दिवशी हे गाडी घेऊन शाळेत गेले आणि शाळा सुटताना फाटकापाशी किक उलटली. नडगी काळीनिळी, पाय सुजून खांब. मी शेकायला बसले तर म्हणाले, “काल गाडी तू आणलीस ना? दांडी पुढेच ठेवलीस.”

“मी मागे केली होती.”

“मग काय ती आपणहून पुढे गेली?”

“सकाळी घरातून निघताना नाही उलटली ती?”

“सकाळी नशिबानं वाचलो.”

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. पण चार दिवसांनी ते गाडी घेऊन घोटावड्याला मिस्त्रींकडे गेले आणि दांडी काढूनच आले. ठिणगी पाडणारा जुना मॅग्नेटही काढला. त्याच्या जागी बॅटरी-कॉइल आणि ठिणगीची वेळ आपोआप सांभाळणारी एक डबी. आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीत, चार माणसांत, मी भाजी घेत दहा पावलांवर उभी असताना, म्हणाले, “काय करणार? बाईमाणसाच्या ध्यानात राहत नाही. माझा पाय जायचा एखाद्या दिवशी.” माणसं हसली. त्यातल्या दोघांच्या बायका माझ्या हातावर बाळंत झाल्या होत्या.

मी त्या गाडीवर पुन्हा बसले नाही. पुढेही नाही आणि मागेही नाही. वाड्या चालून काढल्या, मग कर्जानं एक मोपेड घेतली. भांडणही फार केलं नाही. नुसतं बघायचं सोडलं. जेवायला वाढताना ताटाकडे बघायचं, बोलताना भिंतीकडे. माझा स्वभावच तसा आहे. राग आला की मी आरडाओरडा फाटकातल्या लोकांवर करते, घरच्या माणसावर नाही. घरच्याला मी गार पाडते.

आणि ह्यांचं दुसरंच. काढलेली दांडी त्यांनी डब्यात जपून ठेवली आणि दर दसऱ्याला हत्यारं पूजायला मांडली की विळा, कोयता, शाळेची फूटपट्टी यांच्या रांगेत ती दांडीही मांडायचे. हळदकुंकू, झेंडूचं फूल. मला वाटायचं, मुद्दाम. दर वर्षी एकदा माझी चूक फूल वाहून दाखवतात. मी माझी ठोके ऐकायची नळी त्या पाटावर ठेवणं बंद केलं. मुलीला मात्र ती गोष्ट भारी आवडायची. आईनं दांडी पुढे ठेवली आणि बाबांचा पाय भोपळ्याएवढा झाला, असं ती पाहुण्यांना सांगायची, अजून मैत्रिणींना सांगते.

पुढे सात-आठ वर्षांनी ह्यांचा डावा हात उघड उघड हलायला लागला. कंपवात. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? हे म्हणाले, “झाले दोन-तीन महिने.” मी शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावली. नंतरची सगळी वर्षं मीच केलं त्यांचं, भरवण्यापासून पुसण्यापर्यंत. ते मी नीट केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण कधी कधी त्यांचं तोंड पुसताना मनात यायचं, एकदा म्हणा हो, तू मागे केली होतीस. शेवटी शेवटी त्यांचं बोलणंच कळेनासं झालं, आणि मीही वाट बघायची सोडून दिली.

तर मुलीनं टेम्पो ठरवला आणि आम्ही गाडी घेऊन घोटावड्याला गेलो. मिस्त्री तेच. आता त्यांचं शेड दोन कारखान्यांच्या मध्ये दाबल्यासारखं झालंय आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक कामगारांच्या दुचाक्या. त्यांच्याशी ते हिंदी बोलतात तेही मावळीच. मला बघून उठून उभे राहिले. मी त्यांच्या दोन्ही मुलांना डोस पाजलेत.

मुलीनं डबा उघडून दांडी त्यांच्या हातात दिली. तिच्या खाचांमध्ये लाल किटण घट्ट बसलं होतं. मिस्त्रींनी नखानं उकरलं.

“ह्ये काय भरलंय हितं? गंज तर न्हाई.”

“कुंकू आहे,” मी म्हटलं. “दर दसऱ्याचं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मुलीला त्यांनी समजावलं की जुना मॅग्नेट त्यांच्याकडे पडून आहे, तारा पुन्हा गुंडाळाव्या लागतील, दांडीची केबल नवी करावी लागेल. “पर पोरी, ह्या डबीवर गाडी कवाबी चालू हुती. दांडी बसवली की तिचं ध्यान ठिवावं लागंल. चुकलीस तर पाय मोडून घेशील. इचार करा मायलेकी.” तेवढ्यात मुलीचा ऑफिसचा फोन आला आणि ती फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेला गेली.

मिस्त्री स्टुलावर बसले. दांडी फडक्यानं पुसत राहिले.

“नर्सबाई, आता सांगाया हरकत न्हाई. गुर्जी गेलं, मीबी किती दिस हाय? त्या टायमाला दांडी तुमी मागंच ठिवली हुती.”

मी रस्त्याकडे बघितलं; मुलगी पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती.

“माज्याकडं आलं तवा हितंच बसलं हुतं. मला म्हनलं, मिस्त्री, पैल्या किकला गाडी लागलीती. दांडी फुडं सारायला गेलो तर आंगठा आयकंना. धक्क्यानं पार फुडं गेली, गाडी बंद. मागं घ्यायला गेलो तर आंगठा वळंना. शाळंची पोरं बगत हुती, म्हनून तशीच किक हानली. चार म्हैनं जड वाटत हुता म्हनलं, आता डावा आंगठा माजा ऱ्हायला न्हाई.”

“आणि क्लच?” मी विचारलं. त्या वेळी माझ्या तोंडून निघालं ते हे. माणूस असा चमत्कारिक असतो.

“क्लच आख्ख्या पंज्यानं दाबायचा, त्याला काय न्हाई. ही केसभर सरकवायची. मी म्हनलं, बाईस्नी दावा की, त्या नर्स हायेत. तर म्हनलं, म्हनूनच न्हाई. ती एका नजरंत वळखंल. मंग घरात रोगी हुन बसायचं, तिनं नोकरी करायची का मला सांबाळायचं? मी इचारलं, मंग दांडी का काढली म्हनून काय सांगनार? म्हनलं, तिच्यावरच ढकलतो. रागावली की ती माज्याकडं बगत न्हाई.”

मिस्त्रींनी दांडी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. “लई वंगाळ केलं, मी त्येंला म्हनलं बी हुतं. पर गुर्जींनी शपत घातली.”

बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य असं दुसऱ्याच माणसाच्या तोंडून, ऑइलच्या वासात, समोर वेल्डिंग चालू असताना माझ्या पदरात पडलं. मला वाटलं होतं, ते ऐकलं की मी जिंकल्यासारखी ताठ उभी राहीन. तसं काही झालं नाही. मी एवढी दमले की मिस्त्रींच्या पाण्याच्या ड्रमला टेकून उभी राहिले. मुलगी परत आली तेव्हा तिला वाटलं मला ऊन लागलं.

त्यानंतरचा आठवडा मी नीट जेवले नाही की झोपले नाही. आधी राग आला, चांगला सणसणीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर ह्यांनी स्वतःच्या अंगठ्यासाठी मला वाकडं ठरवलं, तेही टपरीवर. मग राग ओसरला आणि खालचं दिसायला लागलं. हे त्याच वर्षापासून डावा हात पँटच्या खिशात घालून चालायला लागले होते. मी म्हणायची, “साहेब झालात की.” डाव्या बाजूची गुंडी लावायला वेळ लागायचा; मी भिंतीकडे बघत ताटकळायची. एक हात हलतो आणि एक लोंबकळतो असा माणूस वाडीवर दिसला असता तर मी तिथल्या तिथे पौडच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली असती. घरातला माणूस सात-आठ वर्षं माझ्यासमोर तसा चालला आणि मी ताटाकडे बघत राहिले. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. रागावली की बघत नाही.

औषध लवकर सुरू झालं असतं तर काय झालं असतं? रोग थांबत नाही, ते मला माहीत आहे. पण हात-पाय आणखी काही वर्षं बरे चालले असते. गुंडी लागली असती. हे मी कुणाला विचारलं नाही, विचारणार नाही. मला उत्तर येतं.

मुलीचे फोन रोज. “आई, मिस्त्रींना काय सांगू? बसवायची ना?”

मी टाळत होते. डबी राहू द्यावी असं एक मन म्हणायचं. गाडी चालते, पोरीचा पाय शाबूत राहतो, तिचे बाबा तिच्या मनात आहेत तसे राहतात. दांडी बसली की रोज डोळ्यांसमोर येणार, आणि तिची ती भोपळ्याची गोष्ट मला पुन्हा पुन्हा ऐकावी लागणार. मेलेल्या माणसाची लबाडी उघड करून मला काय मिळणार होतं? आणि न सांगता ती गोष्ट ऐकत बसायचं, तर त्याचाही मला आता वीट आला होता. विचार करून करून मला वाटलं, धरणात नेऊन टाकावी ती दांडी एकदाची.

आठव्या दिवशी मी स्वतः मिस्त्रींना फोन केला. “बसवा,” म्हटलं. कारण विचाराल तर मोठं काही नाही. कुणीतरी ती दांडी माझ्या डोळ्यांदेखत मागे केलेली मला बघायची होती.

“आन कुंकू?” मिस्त्रींनी विचारलं. “रॉकेलनं धुतलं की जाईल.”

“राहू द्या,” मी म्हटलं. माफी मागायची ही असली पद्धत ह्या गुरुजींनी कुठून काढली होती कोण जाणे. पण हात चालला तोवरचे सगळे दसरे ती पाळली होती.

महिनाभरानं गाडी घरी आली. मुलगी मिस्त्रींकडून सगळं शिकून आली होती. अंगणात तिनं किक मारली, तिसऱ्या किकला गाडी लागली आणि तो जुना, जाड आवाज भिंतीला आपटून परत आला. ती दांडी पुढे सारू लागली. “अजून,” मी ओट्यावरून म्हटलं. “थोडी अजून. बस. आता एवढीशी मागे.” आवाज गोल झाला. तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

“आई, बस मागे. धरणापर्यंत जाऊन येऊ.”

“माझा गुडघा.”

“धर मला. ये.”

मी बसले. कशी बसले ते विचारू नका. दोनदा तिचं जाकीट फाटता फाटता राहिलं. रस्त्याला लागलो. गुरुवार होता, मुलीनं मुद्दाम रजा घेतली होती, पुण्याच्या मोटारी नव्हत्या, भातखाचरांवर ऊन पडलं होतं. मी तिच्या डाव्या खांद्याला धरलं होतं आणि सवयीनं खांद्यावरून पुढे बघत होते. त्या जागेवरून चालवणाऱ्याचा डावा अंगठा स्वच्छ दिसतो. सगळा दिसतो, नखापासून मनगटापर्यंत. इतकी वर्षं त्या सीटवरून मी तोच तर बघत आले होते. म्हणून ह्यांना मला तिथून उठवावं लागलं. मी बसून राहिले असते, दात-ओठ खात का होईना, तर दुसऱ्या दिवशी मला कळलं असतं. वारा तोंडावर येत होता म्हणून रडणं सोपं गेलं.

घरी आलो. मुलीनं पडवीत गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि उतरायला पाय उचलला.

“दांडी,” मी म्हटलं.

“अय्यो, विसरलेच.” ती हसली. “बघ, तुझ्यावरच गेलेय मी. तू नाही का बाबांच्या वेळी...”

मी मागूनच हात लांब केला, तिच्या मुठीवरून अंगठा दांडीवर टेकवला आणि दांडी पूर्ण मागे घेतली, शेवटपर्यंत. खाचेतलं थोडं कुंकू माझ्या नखाला लागलं.

“बघितलीस? मागे केली,” मी म्हटलं. “तेव्हाही केली होती.”